वाचकांची पत्रे : दालार्नातले चाकूचे लोहार

मागच्या अंकात या सदरात स्वीडनच्या दालार्ना प्रांताविषयी एक टिपण दिले होते. मोरा या गावाजवळच्या ओस्टनूर नावाच्या खेड्यात चाकू घडवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, एवढेच त्यात ओझरते आले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी मूळचा धातुशास्त्राचा विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे त्या भागात राहिलो आणि एका हिवाळ्यात शनिवार-रविवारच्या वर्गाला जाऊन लोहारकाम शिकण्याचा प्रयत्नही केला. त्या प्रयत्नात माझ्या हातून एकच पाते धड उतरले, ही कबुली आरंभीच देऊन ठेवतो.

प्रश्न : माझ्या मुलीने स्टॉकहोमहून लाल लाकडी मुठीचा एक साधा चाकू आणला आहे. किंमत किरकोळ, आणि घडण उघडच यंत्रावरची. दुकानदाराने मात्र तो ‘पारंपरिक’ म्हणून दिला. कारखान्यातून निघालेल्या वस्तूला पारंपरिक म्हणणे ही शुद्ध जाहिरातबाजी नव्हे काय? आणि शेतकऱ्यांच्या एखाद्या खेड्यात हा धंदा मुळात रुजला तरी कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

दालार्नात वडिलोपार्जित जमीन सर्व मुलांमध्ये, मुलींसह, वाटली जात असे. दोन-चार पिढ्यांत शेताचे इतके तुकडे पडत की एकेका कुटुंबाकडे दूरदूर विखुरलेल्या अरुंद पट्ट्या उरत. वाटण्यांनी शेत कसे झिजते, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना निराळे समजावण्याची गरज नाही. त्यात तिथला हिवाळा. मोरा उत्तर अक्षांश ६१ च्या आसपास आहे. डिसेंबरात सूर्य सहा तासही दिसत नाही आणि शेत कित्येक महिने बर्फाखाली असते. पोट शेतावर भरत नाही आणि वर्षातला मोठा काळ हात रिकामे, अशा अवस्थेत गावोगावच्या लोकांनी आपापले जोडधंदे उभे केले. ओर्साच्या लोकांनी वालुकाश्मातून धार लावायची चाके घडवली. वोमहूसच्या बायका माणसांच्या केसांच्या बारीक वेण्या गुंफून दागिने करीत आणि ते विकायला पार सेंट पीटर्सबर्गपर्यंत जात. मोराच्या परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीस उंच लाकडी पेटीतली घड्याळे बनू लागली. या घड्याळांचे काम घरोघर वाटलेले असे. एका घरी चाके कापायची, दुसऱ्या घरी पितळ ओतायचे, तिसऱ्या घरी पेटी रंगवायची.

पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणि जर्मनीतून स्वस्त घड्याळे येऊ लागली आणि हा धंदा बसला. पण कानस चालवणारा, ओतकाम जाणणारा हात काही विसरत नाही. ओस्टनूरमध्ये १८६५ साली सुरू झालेला धातुकामाचा एक धंदा पुढे पाण्याच्या नळांसाठी नावारूपाला आला, तर १८९१ साली फ्रॉस्ट-एरिक एर्सन या गृहस्थांनी अमेरिकेतल्या जंगलतोडीच्या कामावरून परत येऊन ओंडके ओढण्याच्या घसरगाड्या बनवण्याचा कारखाना काढला. त्याच्या जोडीने त्यांनी चाकू बनवायला घेतले, आणि पाहता पाहता गाड्या मागे पडून चाकूच मुख्य माल झाला. १९१२ साली क्रोंग-योहान एरिकसन यांनी त्याच परिसरात दुसरा कारखाना काढला. हे दोन्ही कारखाने २००५ साली एक झाले आणि २०१६ पासून त्यांचा माल ‘मोराक्निव्ह’, म्हणजे सरळसरळ ‘मोरा-चाकू’, या नावाने विकला जातो. आपल्या मुलीने आणलेला चाकू बहुधा याच घराण्यातला असावा.

या नावांतले ‘फ्रॉस्ट’ आणि ‘क्रोंग’ ही आडनावे नव्हेत, ती घराची, म्हणजे शेतवाडीची, नावे आहेत. एका गावात चार एरिक असले की कोणत्या वाडीवरचा हे आधी सांगावे लागते; म्हणून दालार्नात वाडीचे नाव माणसाच्या नावाच्या पुढे लागते आणि सरकारदप्तरीही ते चालते. आपल्याकडे ‘वरच्या आळीचा रामा’ म्हणतात, तसेच.

आता ‘पारंपरिक’ या शब्दाविषयी. आपली शंका मला समजते, पण मी आपल्याशी सहमत नाही. या चाकूची परंपरा म्हणजे त्याचा आकार, त्याच्या पात्यातली योजना आणि तो कोणाच्या कमरेला असतो हे. तो सुतार, मच्छीमार, लाकूडतोड्या आणि शाळकरी पोर यांचा चाकू होता आणि आजही आहे. शहरातल्या उपाहारगृहातल्या एका जेवणाच्या खर्चात तो मिळतो, आणि झिजला की दुसरा घेतात. हातघडणीचे, कोरीव मुठीचे चाकू सुंदर असतात, पण त्यांतले बरेचसे भिंतीवर टांगले जातात. भिंतीवरच्या चाकूला पारंपरिक म्हणायचे आणि ज्याने रोज माशाचे पोट फाडले जाते त्याला जाहिरातबाजी, हा न्याय मला उलटा वाटतो.

प्रश्न : मी चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काम केले. आपण लिहिले होते की जुन्या स्वीडिश पात्यात मध्ये पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड असते. ते कशासाठी, आणि हाताने काम करणारा लोहार ते प्रत्यक्षात कसे करतो, हे सविस्तर सांगावे. (निवृत्त कारागीर, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : सविस्तर सांगतो, हे पत्र वाचून मला सर्वांत आनंद झाला.

मूळ कारण गरिबी. कार्बन नसलेले मऊ लोखंड लोहाराला परवडत असे, पण पोलाद महाग होते. मऊ लोखंडाच्या कांबी लाकडी कोळशाच्या भुकटीत गाडून, हवा लागू न देता कित्येक दिवस तापवत ठेवायच्या, म्हणजे कार्बन हळूहळू आत मुरून त्यांचे पोलाद होई. इतका वेळ आणि इतका कोळसा म्हटल्यावर ते स्वस्त कसे पडावे? तेव्हा जिथे धार आहे तिथेच पोलाद वापरावे आणि बाकीचे पाते लोखंडाचे करावे, हा शहाणपणा जगभरच्या लोहारांना सुचला. आपल्याकडेही फाळ शेवटून, म्हणजे त्याचे झिजलेले टोक नव्याने घडवून, आणताना किंवा कुऱ्हाडीला धार भरताना लोहार पोलादाचा तुकडा जोडून देत असे. फरक इतकाच की स्वीडनमधल्या चाकूत तो तुकडा मधोमध असतो, पोळीत पुरण असावे तसा.

गरिबीतून आलेल्या या युक्तीचे दोन फायदे पुढे असे निघाले की पोलाद स्वस्त झाल्यावरही ती टिकली. पहिला फायदा असा की मधला गाभा अगदी कडक ठेवता येतो, कडकपणाच्या रॉकवेल मापात ६० च्या आसपास. एवढे कडक पाते एकसंध असेल तर गाठीच्या लाकडात पिळले गेल्यावर तुटण्याची भीती असते. बाजूचे मऊ लोखंड तो ताण सोसते. दुसरा फायदा धार लावताना कळतो. दगडावर जो भाग घासायचा त्यातला बहुतेक मऊ असतो आणि कडक पोलादाची फक्त एक बारीक रेघ असते, त्यामुळे चाकू पाजवायला कष्ट पडत नाहीत. अशा चाकूचा उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होत गेलेली बाजू, नीट पाहिला तर त्यावर एक फिकट नागमोडी सीमारेषा दिसू शकेल. तिच्या खाली पोलाद आणि वर लोखंड. मात्र आजचे सर्व चाकू या पद्धतीचे नसतात, पुष्कळसे एकसंध कार्बन पोलादाचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे असतात. दापोडीच्या कारखान्यामुळे पुणेकरांच्या ओळखीची असलेली सँडविक ही कंपनी याच न गंजणाऱ्या चाकू-पोलादासाठी प्रसिद्ध होती. २०२२ साली तो विभाग वेगळा होऊन अलेइमा या नावाने काम करू लागला. या कंपनीचे संस्थापक योरान फ्रेडरिक योरान्सन यांनीच १८५८ साली बेसेमर पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून, चांगले पोलाद काढून दाखवले होते, आणि त्यानंतर चार वर्षांनी सँडविकेनचा कारखाना उभा राहिला.

स्वीडनच्या लोखंडाचे नाव झाले ते त्याच्या खनिजामुळे. उप्लांड प्रांतातल्या दान्नेमोरा खाणीच्या खनिजात फॉस्फरस अत्यंत कमी असतो. लोखंडात फॉस्फरस जास्त असला की ते थंडीत ठिसूळ होते, आणि जुन्या काळी तो काढून टाकण्याचा उपाय ठाऊक नव्हता. म्हणून पोलाद बनवणारे शेफील्डचे इंग्रज कारखानदार आपले लोखंड सोडून स्वीडनच्या कांबी मागवत असत.

आता प्रत्यक्ष काम. लोहार लोखंडाच्या दोन पट्ट्यांत पोलादाची पट्टी ठेवून, किंवा लोखंडाची एकच पट्टी दुमडून तिच्या पोटात पोलाद घालून, सगळे भट्टीत घालतो. तापवताना पृष्ठभागावर जी खपली धरते ती जोडात अडकली तर जोड लागत नाही. ती वितळून बाहेर निघावी म्हणून टाकणखार टाकतात. जुने लोक स्वच्छ वाळू वापरत. धातू पांढुरक्या पिवळ्या रंगावर आला, त्याचा पृष्ठभाग लोण्यासारखा ओलसर चमकू लागला, की तो सांडशीने बाहेर काढून ऐरणीवर ठेवायचा आणि हलके, पण झटपट ठोके द्यायचे. जोर इथे कामाचा नाही. पहिले ठोके फक्त दोन्ही धातू एकमेकांना चिकटवण्यासाठी असतात. रागाने घण मारला तर पट्ट्या सरकतात आणि कडेने ठिणग्यांबरोबर सगळी मेहनत उडून जाते. एक क्षण जास्त तापले तर पोलाद फुलबाजीसारखे जळू लागते, कमी तापले तर जोड वरवर लागतो आणि महिन्याभराने उलगडतो. ही पारख रंगावरून होते, म्हणून लोहारशाळेत मुद्दाम अंधार ठेवतात.

पाते ओढून आकार आला की ते तापवून हवेत निवू देतात, दोन-तीन वेळा. ठोक्यांनी आत आलेला ताण त्याने निघतो आणि पोलादाचा रवा, म्हणजे आतले कण, बारीक होतो. मग कानशीने उतार काढायचा, धार मात्र अजून लावायची नाही. त्यानंतर पाणी देणे, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कडक करणे. आपण मराठीत ‘पाणी’ म्हणतो, पण तिथले बरेच लोहार आज कोमट तेल वापरतात, कारण पाण्यात पाते फार झपाट्याने थंड होते आणि तडकू शकते. पाते लालसर नारिंगी रंगावर, सुमारे ८०० अंश सेल्सियसवर, आणतात. लोहचुंबक पाते धरेनासे झाले की तापमान ७७० अंशांच्या पलीकडे गेले असे समजते. त्याहून थोडे वर जायचे आणि पाते सरळ, न हलवता, टोकाकडून तेलात उतरवायचे.

माझे पहिले पाते इथेच गेले. मला वाटले थोडे अधिक तापवले तर अधिक कडक होईल. तेलात बुडवल्यावर ‘टिक्’ असा एक बारीक आवाज आला, काचेच्या पेल्याला नख लागावे तसा. वर्गातल्या जुन्या लोहारांनी मान वर न करताच ‘दुसरे घ्या’ म्हणून सांगितले. मोडून पाहिले तर आतला रवा खडीसाखरेसारखा जाड झालेला होता. चांगल्या पात्याचा तुटलेला भाग मखमलीसारखा करडा आणि गुळगुळीत दिसतो.

तेलातून निघालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते भट्टीच्या कडेला किंवा साध्या चुलाणात साधारण २०० अंशांवर तास-दोन तास ठेवायचे. घासून चकचकीत केलेल्या भागावर गव्हाच्या काडाचा पिवळा रंग चढला की थांबायचे. जांभळा-निळा दिसू लागला तर धार टिकणार नाही, मग त्याची स्प्रिंग करता येईल, चाकू नाही. आपण टूलरूममध्ये काम केलेले आहे, तेव्हा हा सगळा प्रकार आपल्याला भट्टीच्या तक्त्यावरून ठाऊक असेलच. तक्ता आणि डोळा यांत मला स्वतःला तक्ता आवडतो. तिथल्या लोहारांना हे सांगितले तेव्हा ते हसले.

शेवटी दगडावर धार. ओर्साच्या ज्या दगडी चाकांचा उल्लेख वर आला, ती खाणीत फोडून घडवणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे वाळूची धूळ साठत असे आणि सिलिकोसिसने त्यांतले पुष्कळ जण अकाली गेले. चाकूच्या कौतुकात ही गोष्ट गाळली जाऊ नये.

प्रश्न : या चाकवांना मुठीच्या पुढे बोटे अडवणारा आड का नसतो? हात घसरून पात्यावर जाणार नाही का? आणि म्यानात अर्धी मूठ बुडालेली असते, ती का? आमच्याकडे कोयती कमरेच्या आकडीला लावतात, ती कशी चटकन निघते. (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : आपण आकडीची आठवण काढली हे बरे झाले, कारण दोन्ही युक्त्या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत : दिवसभर शरीराशी असलेले हत्यार न बोचता, न पडता कसे बाळगायचे? माडावर चढणाऱ्याला कोयती पाठीमागे लटकती हवी. बर्फात वाकणाऱ्या, घसरगाडीवर बसणाऱ्या माणसाला चाकू कमरेशी हवा, पण पडायला नको. म्हणून तिथले म्यान खोल असते आणि मुठीला मधे पिंपासारखा फुगवटा असतो. कातडे ओले असताना चाकूवर ताणून बसवलेले असते, ते वाळल्यावर त्या फुगवट्याला धरून ठेवते. बटण नाही, पट्टी नाही, तरी उलटे धरले तरी चाकू पडत नाही. काही म्याने पट्ट्याला लोंबती असतात, म्हणजे बसताना ती आपोआप बाजूला सरतात, आणि सुतारांच्या म्यानाला डगल्याच्या बटणात अडकवण्यापुरते एक भोक असते.

आड नसण्याचे कारण असे की हा चाकू भोसकण्याचा नाही, तो तासण्याचा आहे. लाकूड तासताना अंगठा पात्याच्या पाठीवर येतो, बोटे पुढे-मागे सरकतात, कधी मूठ उलटी धरून स्वतःच्या छातीकडे ओढायची असते. आड असेल तर यांतली निम्मी कामे होणार नाहीत. सुरक्षितता हत्याराने नव्हे, तर धरण्याच्या पद्धतीने साधायची, हे तिथल्या शाळांत शिकवले जाते. गोटेनबर्गजवळच्या नेस येथे ऑगस्ट अब्राहमसन यांनी १८७२ साली हस्तकामाची शाळा काढली आणि त्यांचे भाचे ऑटो सालोमोन यांनी १८७५ पासून शिक्षकांसाठी वर्ग चालवले. पुढे सालोमोन यांच्याकडे जगभरातून शिक्षक येऊ लागले. ‘स्लॉइड’ नावाने ही पद्धत ओळखली जाते, आणि सालोमोन यांनी मुलाच्या हाती पहिले हत्यार म्हणून चाकूच दिला, कारण शेतकऱ्याच्या पोराला तोच आधीपासून माहीत होता. आजही स्वीडनच्या शाळेत हस्तकाम हा सक्तीचा विषय आहे.

पात्याचा उतार हीही पाहण्याजोगी गोष्ट. पाते सपाट येते आणि मग एकाच रुंद उताराने थेट धारेला मिळते. शेवटी वेगळी बारीक कड काढलेली नसते. त्यामुळे उतार लाकडावर टेकवला की पाते किती खोल जाईल ते हाताला समजते, रंध्यासारखे. हाच उतार दगडावर सपाट टेकवायचा, की धार लावण्याचा कोन आपोआप साधतो.

प्रश्न : एका प्रदर्शनाच्या छायाचित्रात पूर्ण हाडासारख्या म्यानाचा, वाकड्या टोकाचा कोरीव स्वीडिश चाकू पाहिला. तो याच प्रकारातला आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : आपण पाहिलेला चाकू बहुधा सामी लोकांचा असावा आणि त्याला नुसते ‘स्वीडिश’ म्हणणे त्यांना रुचणार नाही. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प एवढ्या पट्ट्यात राहणारे मूळ रहिवासी आहेत. रेनडियर पाळणाऱ्या सामी माणसाजवळ बहुधा दोन चाकू असत : फांद्या तोडायला, हाडे फोडायला मोठा, आणि बारीक कामाला लहान.

म्यान हाडाचे नसून रेनडियरच्या शिंगाचे असते. ही शिंगे दरवर्षी गळून पडतात व नव्याने येतात. म्यानाचा बाक सौंदर्यासाठी काढलेला नसतो, शिंगाचा मूळ बाक कारागिराने राखलेला असतो. ढोबळमानाने, दक्षिणेकडच्या सामी चाकूत म्यान जवळजवळ संपूर्ण शिंगाचे आणि त्यावर दाट भौमितिक गुंफण असते, तर उत्तरेकडे म्यानाचा वरचा भाग कातड्याचा, खालचा शिंगाचा आणि नक्षी मोकळी असते. कोरलेल्या रेघांत काजळी किंवा झाडाच्या सालीचा रंग चोळतात. गुळगुळीत भागावरचा पुसला जातो, रेघेतला राहतो. मुठीत शिंग, बर्चचे गाठाळ लाकूड आणि बर्चच्या सालीचे थर आलटून पालटून ओवलेले दिसतील. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्या कुळातले झाड, आणि त्याची साल थंडीत हाताला गारठत नाही.

सामी हस्तकलेला ‘दुओद्यी’ म्हणतात. बनावट माल बाजारात येऊ लागल्यावर १९८२ पासून अस्सल वस्तूंवर ‘सामी दुओद्यी’ ही खूण लावली जाते. विकत घेताना ती पाहावी. उत्तर स्वीडनमधल्या योकमोक येथे १६०५ पासून भरत आलेल्या हिवाळी बाजारात, म्हणजे फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी सुरू होणाऱ्या जत्रेत, हे कारागीर स्वतः भेटतात. तो बाजार मुळात राजाने कर वसूल करणे सोपे जावे म्हणून भरवला होता, हे जाता जाता.

अनुकरणाचा विचार मनात असेल तर एक सावधगिरीची सूचना : आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबर-चितळाचे गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून वापरता किंवा विकता येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकी सोडून लोहारकाम शिकायला स्वीडनला जायचे म्हणतो. हातघडणीचे चाकू करून तिथे पोट भरते का? शिकवतात कुठे? (एक आई, पुणे)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, म्हणून गोड बोलणार नाही. शिकण्याची सोय उत्तम आहे. दालार्नातच लेक्सांडजवळ इन्शोन येथे सेटरग्लेंतान ही संस्था आहे. १९२२ साली विणकामाची शाळा म्हणून ती निघाली, आता तिथे लाकूडकाम आणि लोहारकामही शिकवतात. योकमोकला सामी शिक्षणकेंद्र आहे. ठरावीक वर्षे काम करून परीक्षा दिल्यास कसबी कारागिराचे आणि पुढे उस्तादाचे प्रमाणपत्र मिळते, जुन्या श्रेणीसंघांची, म्हणजे शहरातल्या कारागिरांच्या संघांची, ही उरलेली खूण. ते संघ स्वीडनने १८४६ सालीच मोडीत काढले, आणि खेड्यातले चाकूवाले तर त्यांत कधी नव्हतेच. शहरी लोहारांची परंपरा वेगळी. एस्किल्स्टूना येथे राजाने राइनहोल्ड राडेमाखर या कारखानदाराकरवी १६५० च्या दशकात लोहारशाळांची रांगच बांधवून घेतली. त्यांतल्या सहा आजही उभ्या आहेत आणि तिथे कारागीर काम करताना पाहता येतात. मुलाला आधी तिथे एक दिवस नुसता बसवा, असे मी म्हणेन.

पोटाचा हिशेब असा. समजा, एक चाकू म्यानासह ५००० क्रोनरला विकला. त्यात २५ टक्के विक्रीकर आहे, म्हणजे १००० क्रोनर सरकारचे. उरले ४०००. पोलाद, लाकूड, कातडे, कोळसा, वाळूपट्टे धरून ५०० गेले असे समजू. राहिलेल्या ३५०० वर स्वतःचा धंदा करणाऱ्याला सामाजिक विम्याचा हप्ता भरावा लागतो, त्याचा दर २८.९७ टक्के, आणि मग प्राप्तिकर. सगळे जाऊन ढोबळमानाने २००० च्या आसपास हाती येतात. पाते घडवणे, मूठ बसवणे, तेल मुरवणे, म्यान शिवणे यांत तीन-चार दिवस सहज जातात. शिवाय बर्चचे गाठाळ लाकूड वाळायला वर्षे लागतात; आज तोडलेल्या ओंडक्याची मूठ आज होत नाही, तेव्हा भांडवल कोठीत अडकून पडते. त्या हप्त्यांच्या बदल्यात निवृत्तिवेतन आणि आजारपणाची सोय मिळते, हे खरे. पण नुसत्या चाकवांवर घर चालवणारे थोडे. बहुतेक जण शनिवार-रविवारी वर्ग घेतात, सुतारांसाठी चमचे कोरायच्या वाकड्या सुऱ्या आणि तासण्या करतात, जुन्या इमारतींचे बिजागर दुरुस्त करतात, किंवा बायको-नवऱ्यातल्या एकाची पगारी नोकरी असते. १८९९ मध्ये लिली त्सिकरमान यांनी गृहहस्तकलेची संघटना स्थापन केली तेव्हापासून अशा कारागिरांना दुकाने आणि प्रदर्शने मिळत आली, आणि प्रांतोप्रांती सरकारी खर्चाने हस्तकला-सल्लागारही आहेत. आधार आहे, पण पगार नाही.

आपल्या मुलाने पदवी पूर्ण करावी असे मला वाटते. मला तक्ता आवडतो, हे वर सांगितलेच आहे. पण त्याने सुट्टीत कोणा गावच्या लोहाराकडे महिनाभर भाता ओढून पाहावा. नाद टिकला तर स्वीडन कुठे पळून जात नाही.

प्रश्न : कार्बन पोलादाचा चाकू पावसाळ्यात गंजतो. काय करावे? आणि असा चाकू विमानातून आणताना अडचण येते का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : चाकू म्यानात घालून ठेवू नका, कातडे ओलावा धरते. धुऊन लगेच पुसा आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवा. कांदा-लिंबू चिरल्यावर पाते करडे-निळे होते, तो गंज नव्हे. ते घासून काढू नका, त्या थराने तांबडा गंज उलट कमी धरतो. मुठीला वर्षातून एकदा कच्चे जवसाचे तेल लावा. मात्र तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता निघते आणि अशी चिंधी आपोआप पेटू शकते. ती पाण्यात भिजवून किंवा उघडी पसरून वाळवून मगच टाका.

विमानात चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, सामानात द्यावा लागतो. आपल्याकडच्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती मोडतात, आणि तीही घरगुती, शेतकी किंवा औद्योगिक कामाची नसतील तरच. हा चाकू बहुधा चार इंचांचा असतो. गंमत म्हणजे खुद्द स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार कामाचे कारण नसताना सार्वजनिक जागी चाकू बाळगता येत नाही. ओस्टनूरचा सुतार तो कमरेला लावून कामावर जातो तेव्हा कोणी हरकत घेत नाही. त्याच सुताराला शनिवारी संध्याकाळी मद्यगृहात जाताना मात्र तो घरी ठेवावा लागतो.